चौथ्या रिळानंतरचा थांबा

मामा, तुम्हाला जाऊन जेमतेम सतरा दिवस झाले आणि तुमचा आवाज मला आठवेनासा होऊ लागला आहे. वाक्यं आठवतात. कोणत्या शब्दावर तुम्ही दम घ्यायचात तेही आठवतं. पण आवाज आठवायला गेले की तंबूमागचा जनरेटरच ऐकू येतो, आणि त्याच्या आडून कुणीतरी बोलतंय एवढंच कळतं. मामींना मी हे सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं तर काय सांगू, याचीही भीती वाटते. तो आवाज कुठेच टेपवर भरून ठेवलेला नाही. भरून ठेवायचं ठरलं होतं आणि ते मी मोडलं.

हे कबूल केल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही.

तुमचं गाव, वय, मागे कोण कोण आहे, हे सगळं चौकातल्या काळ्या फळ्यावर लिहून झालं आणि दोन दिवसांनी पुसूनही झालं. मी ते पुन्हा लिहीत नाही. ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांना एवढं कळलं तरी पुरे, की शिरूर आणि दौंडच्या गावोगावच्या जत्रांत तुम्ही तंबूत सिनेमे दाखवलेत आणि शेवटी एक सिनेमा स्वतः केलात. तो सिनेमा अनुदानासाठी अजून सरकारी समितीपुढे आहे. आणि मी अजून घाबरलेलीच आहे.

आपली ओळख एका कागदामुळे झाली. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत पत्रकांमध्ये वाढलेली. वडील युनियनच्या पत्रकांसाठी सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरवायचे आणि मी ओले कागद दोरीवर वाळत घालायचे. ‘निषेध’ हा शब्द मी ‘आई’नंतर लगेचच लिहायला शिकले असेन. कॉलेजात असताना मी ‘तंबूचा कर कुठे जातो?’ असं एक पत्रक काढलं. तंबूतला माणूस तिकिटावर करमणूक कर भरतो, त्या पैशातून सरकार मराठी सिनेमांना अनुदान देतं, आणि ते सिनेमे तंबूपर्यंत कधी येतच नाहीत, असा माझा मुद्दा होता. तुम्ही तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवलात आणि आमच्या दारात आलात.

“ह्यो कागद कुणी लिवला?”

“मी.”

तुम्ही मला नीट पाहून घेतलंत. “लिवलंय झ्याक. पर वाचाया धा मिंटं लागली. माझ्या तंबूत रीळ बदलाया चारच मिंटं लागत्यात. चार मिंटांत सांगता येतंय का बघ, पत्रकबाई.”

माझे वडील आतून हसले. मला इतका राग आला की त्याच आठवड्यात मी तुमचा तंबू पाहायला आले. आणि मग येतच राहिले, सगळ्या तंबूसारखी तुम्हाला मामा म्हणू लागले.

मोठ्या थिएटरात सिनेमा दाखवायची दोन मशीन असतात. एकावरचं रीळ संपायला आलं की दुसरं सुरू होतं, बघणाऱ्याला कळतही नाही. तुमच्याकडे एकच मशीन. रीळ संपलं की पडदा पांढरा, दिवा लागणार, शिट्ट्या, मातीची ढेकळं, पोरं बाहेर पळणार. लोकांना धरून ठेवायला तुम्ही माईकवर बोलू लागलात. आधी नुसतं, “बिड्या इझवा, तंबू माझा हाय, सासऱ्याचा न्हाई!” मग हळूहळू गेल्या रिळात काय झालं ते. मग पडद्यावर नव्हतं तेही. रांजणगावच्या कंपन्यांत कामाला आलेली उत्तरेकडची पोरं पुढे बसायची, त्यांच्यासाठी तुमची हिंदी: “तो भैया लोग, ये जो मुच्छड हाय ना, ये हिरोईन का मामा लगताय. मेरे जैसा नहीं, खराब मामा!” केबल आल्यावर बाकीचे तंबू उठले, तुमचा राहिला. लोक सिनेमा टीव्हीवर आधीच पाहून यायचे. ते तुमचं बोलणं ऐकायला यायचे.

म्हणून तुम्ही स्वतःचा सिनेमा केलात तेव्हा तो तसाच केलात. मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारं एक धनगर कुटुंब शेवटी घोडनदीच्या काठी घर बांधून राहतं, एवढी गोष्ट. सात रिळं. आणि दोन रिळांच्या मध्ये जिथे तंबू थांबतो, तिथे गोष्टीचा एकेक तुकडा मुद्दाम पडद्यावर घेतलाच नाही. तो तुम्ही सांगणार. उसना कॅमेरा, बापाच्या कामात तुम्ही स्वतः, बाकी भावकीतले नट, घरची अर्धी मेंढरं विकून आलेला पैसा आणि माझे संवाद. मी म्हणाले होते, “मामा, जगात असा सिनेमा कुणी केला नसेल.” तुम्ही म्हणालात, “जगात एकच मशीन असलेलं येडं बी मीच असंन.”

सगळ्यात मोठा तुकडा चौथ्या रिळानंतरचा. कळप नदी ओलांडतो. आठ वर्षांची हौसा एका लंगड्या कोकरासाठी मागच्याच काठावर राहते. पाणी चढतं. बाप परत पाण्यात उतरतो. पडदा पांढरा. पाचवं रीळ उघडतं तेव्हा वर्ष उलटलेलं आहे, कळप लांबून चाललेला दिसतो, माणसं मुंगीएवढी. हौसा त्यांत आहे की नाही ते डोळे फाडून पाहिलं तरी कळत नाही.

तुम्ही ते सांगायचात. आणि कधी सांगायचात की हौसा सापडली: पलीकडे बाभळीच्या बुंध्याला धरून बसली होती, कोकरू पोटाशी. कधी सांगायचात की नाही सापडली. पहिल्यांदा मला वाटलं, तुम्ही विसरलात. मग वाटलं, गल्ला पाहून ठरवता. मी तुम्हाला मशीनपाशी गाठलं.

“मामा, हौसाचं खरं काय झालं?”

“गावावर हाय.”

“गावावर कसं असेल? खरं एकच असतं. लोकांना खूश करायला तुम्ही खोटं सांगता.”

तुम्ही मशीनच्या दिव्यात कार्बनची कांडी बसवत होतात. वर न बघता म्हणालात, “सगळ्यांस्नी न्हाई. एकाच माणसाला.”

मी ते थट्टेवारी नेलं. मला वाटलं, गावच्या पाटलाला म्हणत असाल. तुमच्याशी मी अनुदानावर, करावर, समितीवर तासन्‌तास भांडले, आणि एकदा तुम्ही खरं बोललात तेव्हा मला ऐकू आलं नाही.

आणखी एक गोष्ट मी ऐकून सोडून दिली. तरुणपणी तुम्ही इनामगावच्या उत्खननावर पाट्या उचलायला जायचात. तिथे जुन्या घरांच्या जमिनीखाली मडक्यांत निजवलेली लेकरं सापडली होती. शूटिंगच्या सुट्टीत भाकरी खाताना तुम्ही म्हणालात, “हजारो वर्सांमागची पोरं हुडकली त्या सायबांनी. ब्रशनं, हळूहळू. किती जीव लावून हुडकली.” मी त्यावर संशोधनाला मिळणाऱ्या सरकारी पैशाबद्दल काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

त्या एकाच प्रिंटवर तुम्ही दोन वर्षं सिनेमा चालवलात. तिच्यावर पावसासारख्या रेघा आल्या. आणखी एका हंगामात ती फाटून गेली असती, आणि नवी काढायची तर अनुदानाशिवाय मार्ग नव्हता. म्हणून अर्ज. तो मीच भरला. समितीनं सिनेमा दाखवायला बोलावलं तेव्हा तुम्ही धुतलेलं धोतर नेसलात, माईक मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलात आणि आपण सकाळच्या शटलनं पुण्याला गेलो. अर्जदारानं बाहेर थांबायचं, असा नियम होता. तुम्ही बाकावर बसलात, मांडीवर माईक. पहिलं रीळ संपलं की आत बोलावतील, अशी तुमची खात्री होती. तुमची काय, माझीही होती. तंबूत वाढलेल्या माणसाला रीळ न थांबता पुढे जातं हे सुचतच नाही. मी एवढी पत्रकं लिहिणारी, मलाही अर्जात तसं लिहावं हे सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं तुम्ही शिपायाला विचारलंत, “साहेब, पैलं रीळ संपलं का?”

“पहिलं? बाबा, शेवटचं चाललंय.”

लुगड्याची गाठ सुटली होती, ती परत बांधलीत.

महिन्यानं पत्र आलं. ‘कथेत सलगता नाही. महत्त्वाचे प्रसंग गाळलेले आहेत.’ एकदा फेरविचाराची मागणी करता येत होती. तुम्ही शांतपणे मार्ग काढलात. पुण्यात एक स्टुडिओवाला तुमचा आवाज भरून द्यायला तयार होता. सहा थांब्यांचं बोलणं भरायचं, सिनेमाला जोडायचं, संपलं. दिवस ठरला. आणि मी पेटले.

“आपण का वाकायचं, मामा? त्यांच्याकडे दोन मशीन आहेत म्हणून आपला सिनेमा तुटका? हा पैसा कुणाच्या घरचा नाही, तंबूतल्या माणसानं भरलेला कर आहे. त्यांनी आपला सिनेमा तंबूसारखा बघावा. रीळ थांबवावं आणि तुम्हाला बोलू द्यावं. हा हक्क आहे!”

“आन् न्हाई ऐकलं तर?”

“तर पत्रक काढू.”

तुम्ही हसलात. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, “आवाज भरला, तर चौथ्याला काय भरू?”

“जे खरं असेल ते,” मी म्हणाले.

तुम्ही कपातला चहा फिरवत राहिलात. “तू म्हंतीस तर ऱ्हाऊ दे स्टुडिओ.”

तुमचा जीव भांड्यात पडला होता का, मामा? की माझा मान राखायला तुम्ही तुमचा सिनेमा पणाला लावलात? हा प्रश्न आता मरेपर्यंत माझ्याजवळ राहणार. मी फेरविचाराचा अर्ज लिहिला, चांगला जळजळीत लिहिला, स्वतःवर खूश झाले. अर्जाला एक महिना होत नाही तोच तुम्ही दुपारी जेवून बाजेवर आडवे झालात ते उठला नाहीत.

चौथ्या दिवशी समितीचं उत्तर आलं. त्यांनी मान्य केलं होतं. प्रत्येक रिळानंतर थांबू, निवेदकाने उपस्थित राहावे. निवेदकाच्या रकान्यात तुमचं नाव टाइप केलेलं होतं.

मामींनी विचारलं, “काय लिवलंय?” मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हंजी तुजं ऐकलं म्हन की सरकारनं.” त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी एसटीडी बूथवरून त्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. “वाईट झालं. पण तारीख पुढं जाणार नाही हो, मॅडम. निवेदकाचं नाव बदलून अर्ज द्या. कोण बोलणार?” बाहेर दोघं जण काचेवर नाणं आपटत होते. मी माझं नाव सांगितलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला दार उघडता आलं नाही. सभेत हजार माणसांपुढे मी बोलले आहे. पण तिथे मला माहीत असतं की मी बरोबर आहे. इथे मला चौथ्या थांब्याला काय बोलायचं तेच ठाऊक नव्हतं.

ते दहाव्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर भीती दुप्पट झाली. घोडनदीवर विधी चालला होता, पुरुष पुढे होते. मामी माझ्याजवळ मागे उभ्या होत्या आणि दुसरीकडेच, खालच्या अंगाला बघत होत्या.

“हौसा हितनंच गेली,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, शूटिंगबद्दल बोलत आहेत. मी म्हणाले, “नाही मामी, तो सीन वरच्या बंधाऱ्यापाशी घेतला होता.”

“शिनेमातली न्हवं. माजी.”

आठ वर्षांची. लंगडं कोकरू. तुम्ही पाण्यात उतरलात आणि रिकाम्या हातानं परत आलात. चार दिवस दोन्ही काठ पालथे घातलेत. कोकरू सापडलं, ती नाही. ही गोष्ट भावकीत सगळ्यांना माहीत होती. मी कॉलनीची, मलाच नव्हती. मी तुमच्या मुलीला संवाद लिहून दिले, मामा. तिनं आजीशी भांडायचं, तिनं कोकराला नाव ठेवायचं. एक वाक्य तुम्ही खोडलंत, “ती असं बोलायची न्हाई,” म्हणालात, आणि मी लेखिका म्हणून वाद घातला.

त्या रात्री मी एकेक गाव आठवलं. जिथे जिथे हौसा सापडली होती, तिथे तिथे बायकांच्या बाजूला, कनातीपलीकडे, मामी बसल्या होत्या. जिथे नाही सापडली, तिथे मामी नव्हत्या. एकाच माणसाला. तुम्ही मला सांगितलं होतं.

तेराव्यानंतर मामी म्हणाल्या, “मी बी येते पुण्याला.” भावकीतली एक बाई बोललीच, “म्हैना बी न्हाई झाला आन् निघाली शिनेमाला.” मामींनी पदर खोचला. “माज्या मालकाचाच हाय. तुज्या दाल्ल्यानं काढलाय का एखादा?” बस येईपर्यंत मी हसले आणि बसमध्ये बसल्यावर चौथ्या थांब्याची वाक्यं जुळवू लागले. दौंडला गाडी बदलली तरी ती जुळली नाहीत. मामी शेजारीच असणार. म्हणजे मला ‘सापडली’ म्हणावं लागणार. मी, जिनं तुम्हाला खोटारडं म्हटलं होतं, ती सरकारी समितीपुढे उभी राहून हे सांगणार होते. आणि सिनेमा मंजूर झाला तर तेच कायमचं भरलं जाणार. नवी प्रिंट, मोठी थिएटरं, आणि सगळीकडे माझ्या आवाजात एक लबाडी. नाही म्हटलं तर? तर ज्या बाईला तुम्ही दोन वर्षं एका शब्दानं जपलंत, तिला मी अंधारात एकटीला गाठून मारणार.

परवा त्या प्रेक्षागृहात पाच जण होते. जाड चष्म्याचे वयस्कर अध्यक्ष, कागद मांडीवर घेतलेल्या एक बाई, बाकी तिघं. मामींना मागच्या खुर्चीवर बसू दिलं. मी तुमचा माईक काढला तशी अध्यक्ष म्हणाले, “ताई, खोली लहान आहे, माईक लागणार नाही.” तो कशालाच जोडलेला नव्हता. तरी मी तो धरून ठेवला. हाताला काहीतरी धरायला हवं होतं.

पहिल्या थांब्याला मी कशीबशी दोनच वाक्यं बोलले. दुसऱ्याला मी तुमची वाक्यं पाठ म्हटली, शाळेतल्या कवितेसारखी. तिसऱ्याला तुमचा तिथला नेहमीचा, बिनपाण्याच्या तांब्याचा विनोद सांगितला आणि ऑपरेटर आतल्या खोलीत मोठ्यानं हसला. कागदवाल्या बाईंचं पेन थांबलं होतं. मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात चौथं रीळ सुरू झालं.

नदी. कळप. हौसा वाकून कोकराला उचलते. तुम्ही पाण्यात उतरता. पडदा पांढरा झाला, दिवा लागला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

“बाप पाण्यात उतरला,” मी सुरू केलं. “पाणी गुडघ्याला होतं. मग कमरेला आलं. त्यानं हाक मारली. उलट हाक आली नाही. तो पोहत पलीकडे गेला. आणि तिथे, बाभळीच्या बुंध्याला धरून...”

“न्हाई,” मागून आवाज आला.

मामी उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या, परक्या पुरुषांपुढे करतात तसा.

अध्यक्षांनी मान वळवली. “या कोण?”

मी म्हणाले, “हौसाची आई.”

मामी त्यांच्याशी बोलल्याच नाहीत, माझ्याशी बोलल्या. “न्हाई सापडली. मी तंबूत असले की ते सापडली म्हणायचे. मला ठावं हुतं. दुसऱ्या गावात काय सांगत्यात ते लोक येऊन सांगायचेच की. मी म्हणून यायचे गं. माज्यासाठी न्हाई. तेवढं एक डाव त्यांच्या तोंडातनं निगावं म्हणून. मी न्हाई बसले तर त्यास्नी कोण म्हणू दील तसं? आता ते न्हाईत. आता कुणासाठी म्हंतीस? सांग जे हाय ते.”

मामा, मला रडू आलं नाही. भीती मात्र होती तशीच होती, ती गेली असं मी लिहिणार नाही. मी बिनजोडणीचा माईक तोंडाशी धरला आणि म्हणाले, “हौसा सापडली नाही. कोकरू सापडलं. बापानं ते पाळलं, विकलं नाही. पुढल्या वर्षी कळप पुन्हा त्याच वाटेनं गेला.” एवढंच. चार मिनिटंही लागली नाहीत. ऑपरेटरनं आतून विचारलं, “लावू का?” अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि मग हात वर केला.

निर्णय टपालानं कळेल. मंजूर झालं तर निवेदन कायमचं भरून द्यावं लागेल, असं निघताना त्या कागदवाल्या बाईंनी सांगितलं आणि मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, “बगू.” नाही आलं मंजूर तर ती रेघाळलेली प्रिंट एखादा हंगाम काढेल आणि मग काही उरणार नाही. मी कालपासून पोस्टमनच्या सायकलची वाट बघते आणि ती वाजली की मला आत पळून जावंसं वाटतं.

पण तुम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. दिवा विझला आणि पाचवं रीळ सुरू झालं. मामी माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझ्या कानात सांगितलं की इथून पुढचा सिनेमा त्यांनी कधी पाहिलाच नाही. तुम्ही ‘सापडली’ म्हणालात की त्या उठून तंबूबाहेर जायच्या, तिथून पुढे बसवायचं नाही. पडद्यावर कळप लांबून चालला होता. सगळ्यात शेवटी तुम्ही, खांद्यावर काठी. मध्येच तुम्ही थांबता आणि नदीकडे मागे वळून पाहता. तसं करायचं ठरलेलं नव्हतं. शूटिंगला मी लांबून ओरडले होते, “मामा, मागे बघू नका!” आणि नंतर तो तुकडा कापायला सांगितला होता. तुम्ही एवढं एकच ऐकलं नव्हतं माझं.

मामी पुढे सरकल्या. दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

“मागं बगत्यात व्हय,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, मी एकलीच बगती.”